आभाळातून आपला प्लॉट कसा दिसतो

(वनहक्क शिबिरात केलेलं भाषण. बोलले तसंच लिहून काढलंय. जिथं पडद्यावर फोटो दाखवले, तिथं शब्दांत सांगितलंय.)



बायांनो, दादांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आजी-आजोबांनो, मला आज फोटोबद्दल बोलायला सांगितलंय. उपग्रहाच्या फोटोबद्दल. आपल्यातल्या किती जणांना असा कागद आला, की 'सन २००५ च्या उपग्रह प्रतिमेत सदर क्षेत्रावर लागवड दिसून येत नाही, सबब दावा अमान्य'? हात वर करा. बघा. अर्ध्याच्या वर हात आहेत. आणि ती प्रतिमा किती जणांनी डोळ्यांनी पाहिली? एकानंही नाय. म्हंजे आपल्याविरुद्ध साक्ष झाली, आणि साक्षीदाराचं तोंडसुद्धा आपण पाहिलेलं नाय.

आधी विमानाचं सांगते. मार्च महिन्यात एका बैठकीला दिल्लीला जायचं होतं, ज्यांनी बोलावलं त्यांनीच तिकीट काढलं. येताना मात्र जनरल डब्यातून आले, ते असो. जाताना उजव्या बाजूची खिडकी मिळाली. मुंबईवरून विमान उठलं, अजून फार वर गेलं नव्हतं. खाली खाडी, खाडीच्या कडेला मिठागरांचे पांढरे चौकोन. मग डोंगर. आणि डोंगराच्या पायथ्याला, घरांच्या जवळजवळ, बारके काळे ठिपके. एक, दोन, मग मोजताच येईनात. शेजारच्या साहेबांनी विचारलं, वणवा लागला होता का? मी म्हटलं, नाय हो, तो राब आहे. त्यांना राब माहीत नव्हता. ऐनाच्या फांद्या छाटायच्या, वर पालापाचोळा, शेण, माती टाकायची आणि भाजायचं, त्यावर जूनमधी भाताचं नाय तर नागलीचं रोप टाकायचं, हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला वाटलं जंगल जळालं.

तेच बघा. आपल्याला जिथं रोपाची वाफ दिसली, तिथं त्यांना आग दिसली. ते माणूस वाईट नव्हते, चहासुद्धा त्यांनीच पाजला. पण वरून बघणाऱ्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं की खाली काय आहे.

पुढं पाणी दिसलं. मुंबईला पाणी देणारी सात तळी आहेत. विहार आणि तुळशी त्या शहरातच आहेत. बाकीची पाच, म्हंजे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा, आपल्या बाजूला, ठाणे, पालघर, नाशिकच्या डोंगरांत. तानसा तर १८९२ सालचं. वरून धरण ओळखायचं सोपं आहे. एका बाजूला भिंतीची सरळ रेघ, आणि बाकी सगळीकडं पाणी हाताच्या बोटांसारखं डोंगरात शिरलेलं. ते एकेक बोट म्हंजे एकेक ओहोळ होता. आपल्या डोंगरात ओहोळाच्या काठाला काय असतं? खाचर असतं. सगळ्यात चांगली, ओल धरणारी जमीन तीच. फोटोत आता तिथं निळं दिसतं. ते निळं बघून कुणी विचारत नाय की इथं आधी कोण कसत होतं. आपल्या प्लॉटाला मात्र विचारतात.

या देशात वरून जे दिसतं त्यातलं बरंचसं माणसाच्या हातचं आहे. पंजाबात कालव्याच्या पाण्याखालची शेतं पाटीवर आखल्यासारखी चौकोनी दिसतात. इकडं पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाजूला फोटो उघडा, आरसा फुटून काचा सांडाव्यात तशी हजारो तळी दिसतात. ती देवानं केलेली नाहीत. गोंड राजांच्या काळापासून तिथल्या लोकांनी, कोहळी समाजाच्या लोकांनी, उतार बघून मातीचे बांध घालून केलेली आहेत. नंतर मालगुजारांच्या नावावर गेली म्हणून मालगुजारी तलाव, लोक मामा तलाव म्हणतात. खणली कुणी आणि नाव कुणाचं, ते बघा.

एक लांबची गोष्ट सांगते, मग आपल्या पाड्यावर येते. ब्राझील देशात अॅक्रे नावाचं राज्य आहे, अॅमेझॉनच्या जंगलात. सगळी दुनिया समजायची की ते कोरं जंगल आहे, तिथं माणसाचा हात लागलेला नाय. मग गुरं पाळण्यासाठी मोठमोठ्या मालकांनी जंगल तोडलं, आणि विमानातून जमिनीवर गोल आणि चौकोन दिसायला लागले. केवढाले खंदक, आखून काढलेले. शेकड्यांनी सापडले. तिथल्या आदिवासींच्या पूर्वजांनी खणलेले, काही दोन हजार वर्षांपर्यंत जुने. म्हंजे ज्याला कोरं जंगल म्हणत होते, तिथं माणूस पूर्वीपासून होता. पण ते कळायला जंगल तुटावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. तिथल्या म्हाताऱ्यांना आधीच विचारलं असतं तर?

आता आपला फोटो.

उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो आणि खालचा फोटो काढतो. त्या फोटोची गोधडी समजा. गोधडीला ठिगळं असतात, तशी फोटोला चौकोनी ठिगळं असतात, आणि एका ठिगळाला एकच रंग असतो. ठिगळ मोठं असलं तर त्याच्या आत काय काय आहे ते वेगळं दिसत नाय, सगळं मिसळून एक रंग होतो. आपल्या सरकारचा रिसोर्ससॅट नावाचा उपग्रह २००३ साली वर गेला. त्याच्या लिस-तीन नावाच्या कॅमेऱ्याचं एक ठिगळ साडेतेवीस मीटर लांब आणि तेवढंच रुंद. हिशोब करा. साडेपाचशे चौरस मीटर. एक गुंठा म्हंजे एकशे एक चौरस मीटर. म्हंजे एका ठिगळात साडेपाच गुंठे. वीस गुंठ्यांचा प्लॉट असेल तर पुऱ्या फोटोत त्याची चार ठिगळंसुद्धा होत नाहीत. आणि प्लॉट काही ठिगळाच्या शिवणीवर बसलेला नसतो. अर्धं ठिगळ तुमच्या नागलीवर, अर्धं बाजूच्या सागावर. रंग कुठला येणार? सागाचा.

याच्यापेक्षा बारीक फोटोही आहेत. त्याच उपग्रहावरचा लिस-चार कॅमेरा, त्याचं ठिगळ ५.८ मीटरचं, म्हंजे एका गुंठ्यात तीन ठिगळं बसतात. कार्टोसॅट-एक मे २००५ मधी वर गेला, त्याचं ठिगळ अडीच मीटरचं, पण तो फोटो काळा-पांढरा. म्हणून कागद आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: कुठल्या उपग्रहाचा फोटो, ठिगळ केवढं, आणि तारीख कुठली? कागदात नुसतं 'प्रतिमेत दिसत नाही' लिहिलेलं असतं. साडेतेवीस मीटरच्या फोटोत माझं घरसुद्धा दिसत नाय. म्हणून काय मी राहत नव्हते?

तारखेचं का विचारायचं, ते नीट ऐका. आपल्याकडं वरकस जमिनीवर पीक कधी उभं असतं? पावसात. नागली, वरई, उडीद, खुरासणी, सगळं पावसावर. आणि पावसात आभाळात काय असतं? ढग. या कॅमेऱ्याला ढगाच्या आतलं दिसत नाय. म्हंजे जेव्हा आपला माळ हिरवागार उभा असतो, तेव्हा वरचा डोळा मिटलेला असतो. डोळा उघडतो दिवाळीनंतर, आभाळ मोकळं झालं की. तोवर वरई कापून झाली, नागली खळ्यावर आली, माळावर उरलं धसकट आणि गवत. जानेवारी-फेब्रुवारीतला फोटो घेतला तर तो माळ पडीक दिसणारच. वर आणखी, वरकस जमीन आपण दरसाल कसत नाय. दोन-तीन वर्षं पीक घेतलं की तिला विसावा देतो. त्या विसाव्याच्या सालात त्यावर पळस, कुडा, झुडपं येतात. २००५ चं साल ज्याच्या माळाच्या विसाव्याचं साल होतं, त्याचा माळ फोटोत जंगल म्हणून आला. जमिनीला दम खाऊ दिला हा त्याचा गुन्हा.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती.

दर दोन वर्षांनी सरकारच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल निघतो, देशात जंगल किती वाढलं-घटलं. तिथं जंगल कशाला म्हणतात? एक हेक्टर किंवा जास्त जागा, आणि तिच्यावर दहा टक्के झाडांची सावली. बस. जमीन कुणाची, झाडं कुठली, हे बघत नाहीत. त्यांच्याच अहवालात तसं लिहिलेलं असतं. आंब्या-चिकूची मोठी बाग असली तरी त्या हिशोबात ते जंगलच. तर एका एकरात चाळीस गुंठे. दहा टक्के म्हंजे चार गुंठे सावली. आपला जुना मोह असतो, त्याचा घेर अकरा-बारा मीटर धरा. त्याची सावली किती झाली? साधारण एक गुंठा. म्हंजे एकरात चार मोठे मोह राखले की वरून बघणाऱ्याच्या हिशोबानं ते शेत राहत नाय, जंगल होतं.

आपल्या बापजाद्यांनी प्लॉट काढताना मोह तोडला नाय. फुलं मिळतात, मोहटीचं तेल निघतं म्हणून राखला, ऐन राबासाठी राखला. ज्यानं झाडं राखून शेती केली त्याचा दावा 'प्रतिमेत वृक्षाच्छादन दिसते' म्हणून फेटाळला. ज्यानं सगळं साफ केलं त्याचं शेत फोटोत स्वच्छ दिसलं. मंग आमच्या पोरांनी यातून काय शिकायचं? हा प्रश्न मी एका कार्यालयात विचारला. साहेब म्हणाले, तुम्ही विषय भरकटवता. मी म्हटलं, मी विषयावरच आहे, भरकटलाय तो फोटो.

हसू नका, पुढं कायदा आहे, तो लक्षात ठेवायचाय.

२००६ च्या वनहक्क कायद्यात तारीख आहे १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी जमीन आपल्या ताब्यात असली पाहिजे. ती होती हे कशानं दाखवायचं, ते नियम १३ मधी लिहिलंय. जनगणना, गॅझेटियर, नकाशे, उपग्रह प्रतिमा हे सरकारी कागद त्यात आहेत. पण त्याच नियमात पुढं काय आहे? घर, झोपडी, आणि जमिनीवर केलेली कायमची कामं: सपाटीकरण, बांध, बंधारे. म्हंजे तुमचा बांध हा पुरावा आहे. कायद्यानंच म्हटलंय. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब, दावेदार सोडून दुसऱ्यांचा, लिहून घेतलेला, तोही पुरावा आहे. एकापेक्षा जास्त पुरावे बघा असंही त्या नियमात आहे. २०१२ साली नियम सुधारले, तेव्हा १२-क मधी स्पष्ट घातलं की उपग्रह प्रतिमा बाकीच्या पुराव्यांना जोड म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी वापरता येणार नाय. जोड. बैलजोडीत एका बैलानं नांगर चालत नाय.

हे सगळं आता का सांगते? १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिला होता, की ज्यांचे दावे फेटाळले त्यांना जमिनीवरून काढा. लाखो घरांचा प्रश्न होता. त्याच आदेशात असंही होतं की वन सर्वेक्षण संस्थेनं उपग्रहावरून पाहणी करून अतिक्रमण किती आहे ते कोर्टापुढं ठेवावं. २८ फेब्रुवारीला त्या काढण्याच्या आदेशाला थांबवलं. दावे नीट तपासले होते का, ते राज्यांनी सांगायचं ठरलं. म्हणून फेरतपासणी चाललीय. या फेरीत फोटो परत येणार. तेव्हा फोटोला घाबरून चालणार नाय आणि फोटोला शिव्या देऊनही चालणार नाय. तो वाचता आला पाहिजे. बारावीच्या भूगोलात मी नकाशावरच्या रेघा पाठ केल्या होत्या, मार्कांसाठी. त्यांचा उपयोग मला आत्ता कळतोय.

हा पडद्यावरचा फोटो बघा, आपल्या शेजारच्या पाड्याचा. मोबाईलवर मिळतो, जुन्या सालांचेही काही मिळतात, फुकट. इथं डोंगराच्या अंगावर एकाखाली एक वाकड्या रेघा आहेत ना, अंगठ्याच्या ठशासारख्या? ते खाचरांचे बांध. वर अरुंद, ओहोळाकडं उतरताना रुंद होत जातात, कारण पाणी जसं उतरतं तसा माणसानं बांध घातला. आता बाजूला बघा, झाडांच्या सरळ रांगा, सारख्या अंतरावर. ती फॉरेस्टची साग लागवड. जंगल अशा रांगेत उगवत नाय. आणि इथं जपून: या तिसऱ्या रेघा पण डोंगराच्या अंगानं जातात, पण बारीक आहेत आणि सगळ्या एका मापाच्या. ते बांध नाहीत, ते खात्यानं खणलेले समतल चर. काही ठिकाणी ते आपल्याच प्लॉटात खणलेत. तुमच्या दाव्याला चर दाखवून 'हा माझा बांध' म्हणालात तर फसाल. कुठला कुठला ते जागेवर जाऊन ठरवायचं.

पायवाटा बघा. पाड्यातून निघून जिथं संपतात, तिथं कुणीतरी रोज जातं. खळं बघा, गोल उघडी जागा, पावसाळा सोडून कधीही दिसते. एकटी झाडं बघा, सावलीसकट. जे दिसत नाय तेही सांगते. वाघदेवाचा दगड वरून दिसत नाय. पुरलेली माणसं दिसत नाहीत. कंद कुठं निघतात, ओढ्याला पाणी कुठवर टिकतं, ते दिसत नाय. ते जबाबात यायला पाहिजे.

आमच्या पाड्यातल्या एका आजीचं सांगून थांबते. तिच्या प्लॉटाचा फोटो मी तिला दाखवला. डोळ्याला कमी दिसतं, तरी मोबाईल अगदी नाकाशी धरून बघितला. आधी म्हणाली, हे काय दाखवतेस, शेवाळ आहे. मग मी बोट ठेवून सांगितलं, हा ओहोळ, ही वाट. तिनं वाट धरली आणि चालायला लागली, म्हंजे बोटानं. हा मोह सासऱ्यानं राखला. याच्या बाजूचा वीज पडून गेला, म्हणून इथं मोकळं दिसतं. हा बांध माझ्या नवऱ्यानं आणि मी दुष्काळाच्या साली घातला, थोरला पोटात होता. थोरला आज पन्नाशीच्या जवळ आहे. त्या एका शेवाळाच्या फोटोवरून तिनं दोन पानं जबाब दिला. मी लिहिला, तिनं अंगठा दिला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. फोटोवर नंबर टाकले, एक ते अकरा, आणि जबाबात तेच नंबर. झाड नंबर चार, बांध नंबर सात. प्रांताच्या कार्यालयात तो कागद दिला, पोच घेतली. निकाल अजून आलेला नाय. पण आता नुसतं 'दिसत नाही' लिहून तो परत पाठवता येणार नाय. सात नंबरचा बांध तिथं आहे की नाय, ते बघायला कुणालातरी चढण चढावी लागेल.

तर ज्यांना अमान्यतेचा कागद आलाय त्यांनी कागदावरची तारीख बघा. अपिलाला साठ दिवस असतात. ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांनी आज जेवणाआधी माझ्याकडं नाव द्या. ज्या फोटोवरून दावा फेटाळला त्याची प्रत, उपग्रहाचं नाव आणि तारीख मागणारा अर्ज लिहून ठेवलाय, त्यात फक्त नाव आणि दावा नंबर घालायचा. अर्ज वनहक्क समितीच्या ठरावासोबत गेला तर बरं.

उद्या सकाळी सात वाजता खालच्या पाड्यापासून सुरुवात करू. एका प्लॉटाला तीन माणसं पाहिजेत: एक म्हातारं माणूस, एक लिहिणारा, आणि एक फोन घेऊन हद्दीवरून चालणारा. फोन रात्रीच चार्ज करून ठेवा, वर लाईट नाय. आजीला चढवत नाय, तिला दोघांनी धरून वडापर्यंत न्यायचं. पुढचं ती तिथूनच बोट दाखवून सांगेल.

जिंदाबाद!